पाचवा पॅड

नोव्हेशनच्या सर्किट ट्रॅक्स या ग्रूव्हबॉक्सवर सोळा स्केल, म्हणजे स्वरांचे ठरलेले संच, आहेत. मेजर, मायनर, ब्लूज, डोरियन अशी ओळखीची पाश्चात्त्य नावं एकामागून एक येतात आणि शेवटाकडे दोन नावं अशी भेटतात की आपण सरसावून बसतो: मारवा आणि तोडी. एका ब्रिटिश कंपनीने क्लबमधल्या नाचाच्या संगीतासाठी बनवलेलं हे चौकोनी यंत्र, आणि त्यात मारवा! ते घ्यावंसं वाटायला बरीच कारणं होती, पण मन बसलं ते या नावावर.

मारवा निवडला की खालच्या दोन ओळींतले पॅड, म्हणजे दाबायची चौकोनी बटणं, त्या स्वरांचे होतात. एका ओळीत आठ पॅड, म्हणजे सा ते वरचा सा. स्केलबाहेरचा स्वर लागायची सोयच नाही, कारण त्याला पॅडच नाही. सा कुठल्या पट्टीचा घ्यायचा तेही ठरवता येतं. मी आईची काळी चार लावून ठेवली आहे. सा चा पॅड बाकीच्यांपेक्षा वेगळा उजळतो, त्यामुळे हात चाचपडत नाही.

एका संध्याकाळी हे सगळं स्पीकरला जोडून मी डावीकडून एकेक पॅड सावकाश दाबत होते. आई आत भाजी निवडत होती. पाचव्या पॅडला हात लागला आणि आतून आवाज आला, "अगं, पंचम कशाला? मारवा म्हणालीस ना?"

आईचं बरोबर होतं, आणि यंत्राचंही. यंत्रात आहे तो मारवा थाट: सा, कोमल रे, ग, तीव्र म, प, ध, नी. भातखंड्यांच्या दहा थाटांपैकी एक. थाटात सातही स्वर असावे लागतात, म्हणून पंचम आहे. राग मारव्यात पंचम वर्ज्य. थाट म्हणजे नुसतं सामान, राग म्हणजे त्या सामानाशी वागायची रीत. आई बाहेर आली, माझ्याशेजारी बसली आणि म्हणाली, "पाचवा सोडून वाजव. आणि सारखी सा वर येऊ नकोस."

हे दुसरं वाक्य मला फार मोलाचं वाटतं. मारव्यात रे आणि ध यांचं राज्य. सा असतो, पण गाणारा त्याच्यापासून दूर दूर राहतो, नी रे ग करत त्याला वळसा घालतो, आणि ऐकणाऱ्याला घरी पोचल्यासारखं वाटू देत नाही. म्हणून तर तो दिवेलागणीचा राग. इकडे यंत्राने सा च्या पॅडला वेगळा रंग दिलाय, जणू हात धरून तिकडेच नेतंय. म्हणजे मारवा वाजवायचा तर पाचव्या पॅडवरून उडी मारायची आणि उजळलेल्या पॅडकडे बघत राहून त्याला हात लावायचा नाही. हे बोटांना शिकवायला वेळ लागतो. त्या वेळाला आमच्या घरात रियाज म्हणतात, आणि मला सांगायचंय ते एवढंच की या यंत्राला रियाज लागतो. बटण दाबून गाणं काढणारं खेळणं समजून जे घेतात ते महिन्याभरात कंटाळतात आणि विकून टाकतात. मला ते असंच मिळालं, डोंबिवलीच्या एका मुलाकडून, सेकंड हँड, अगदी कोऱ्यासारखं.

ग्रूव्हबॉक्स म्हणजे काय हे ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. एकाच डब्यात ढोलकं, सूर आणि सीक्वेन्सर. सीक्वेन्सर म्हणजे कुठल्या क्षणी काय वाजायचं ते लक्षात ठेवून गोल गोल वाजवत राहणारा भाग. हे नाव चालू केलं रोलँडने, १९९६ च्या एमसी-३०३ पासून. माझ्या यंत्रात सिंथेसायझरचे दोन ट्रॅक, ड्रमचे चार, आणि बाहेरची वाद्यं चालवायला आणखी दोन. बत्तीस पॅड, आठ नॉब, आत बॅटरी. स्क्रीन नाही. महाप्याच्या ऑफिसात दिवसभर एक्सेलच्या चौकटी बघून झाल्यावर स्क्रीन नसणं किती सुखाचं असतं, हे माझ्यासारखंच काम करणाऱ्यांना वेगळं सांगायला नको.

२०२१ साली ते आलं तेव्हा अमेरिकेत त्याची किंमत ४०० डॉलरच्या आसपास होती. आपल्याकडे आयात शुल्क धरून ते महाग पडतं, तरी या जगात ही किंमत कमीच. नावाजलेली सिंथेसायझरं लाखाच्या घरात जातात. स्वस्त यंत्र म्हटलं की लोक जरा हळहळतात, "सुरुवातीला ठीक आहे" म्हणतात. मला ते पटत नाही. या संगीताचा इतिहासच स्वस्त यंत्रांचा आहे. रोलँडची टीबी-३०३ ही १९८० च्या दशकाच्या सुरुवातीची छोटी चंदेरी पेटी एकट्या गिटारवाल्याला बेसची साथ मिळावी म्हणून बनली होती. तिचा आवाज खऱ्या बेस गिटारसारखा अजिबात नव्हता. खप झाला नाही, १९८४ मध्ये उत्पादन बंद झालं, आणि ती जुन्या सामानाच्या दुकानांत कवडीमोलाने पडून राहिली. शिकागोच्या पोरांना परवडलं ते हेच. त्यांनी वाजता वाजता तिचे नॉब पिरगाळले आणि त्या पिळवटलेल्या आवाजातून अॅसिड हाउस हा नाचाच्या संगीताचा प्रकार जन्माला आला. टीआर-८०८ ड्रम मशीनची गोष्टही तशीच: १९८० ते १९८३ एवढंच तिचं आयुष्य, हजारो डॉलरच्या लिन ड्रमसमोर ती खेळण्यातली वाटायची, आणि आज जगात कुठेही गाडीच्या काचा थरथरवणारा बेस ऐकलात तर तो बहुधा तिच्याच किकच्या, म्हणजे खोल ठोक्याच्या, वंशातला असतो.

आणि या कहाणीत मुंबईही आहे. हिंदी सिनेमाच्या वाद्यवृंदांत वाजवणारे चरणजित सिंग यांनी याच दोन यंत्रांवर, सोबत रोलँडचा ज्युपिटर-८ घेऊन, १९८२ साली दहा रागांची एक तबकडी काढली. खाली डिस्कोचा ठेका, वर राग. एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जायची, म्हणजे मींडेसारखी, सोय ३०३ मध्ये होती. तेव्हा ती तबकडी फारशी कोणी घेतली नाही. २०१० मध्ये परदेशात ती पुन्हा निघाली आणि ऐकणारे थक्क झाले, कारण शिकागोच्या पाच वर्षं आधी मुंबईत कोणीतरी तोच आवाज काढून बसलं होतं. सिंग २०१५ मध्ये गेले. त्यांचं मला कौतुक वाटतं ते पहिलेपणासाठी नाही. तो माणूस राग आणि यंत्र दोन्ही मनापासून वाजवणारा होता, एकाची दुसऱ्याला नुसती फोडणी त्याने दिली नाही. ऐकताना ते कळतं.

यंत्रावर राग वाजवण्याला घेतला जाणारा आक्षेप मला माहीत आहे, आणि तो खराही आहे. तोडीचा गांधार पेटीच्या कोमल गांधारापेक्षा खाली असतो. पॅडवर तो नाही. पॅड म्हणजे सप्तकाचे बारा समान तुकडे, त्यामधल्या श्रुतींना तिथे जागा नाही. पोर्टामेंटो लावला की एक स्वर दुसऱ्यात वाहत जातो, पण गळ्यातली मींड वाटेत कुठे रेंगाळायचं ते स्वतः ठरवते. यंत्र आपल्या एकाच वेगाने जातं. पण हे सगळं हार्मोनियमलाही ऐकावं लागलंय. एकोणिसाव्या शतकात युरोपातून आलेलं वाद्य, कलकत्त्याच्या द्वारकानाथ घोषांनी हाताच्या भात्याचं केलं आणि घराघरांत पोचलं. १९४० मध्ये रेडिओने त्याच्यावर बंदी घातली, कारण हेच: श्रुती नाहीत, मींड नाही. १९७१ मध्ये ती काही अंशी उठली. मधल्या तीस वर्षांत महाराष्ट्रात भजनाला, नाट्यपदाला, गाण्याच्या क्लासला पेटीशिवाय कोणाचं काही अडलं नाही असं म्हणायची कोणाची हिंमत आहे? आईसारख्या हजारो बायका पेटीवरच शिकल्या आणि तोडीचा गांधार मात्र गळ्याने खालीच लावला. वाद्याची मर्यादा कानाला कळत असली की तिचा जाच होत नाही.

आईला हे यंत्र परकं वाटलं नाही त्याला आणखी एक कारण आहे. आमच्या पाचपाखाडीच्या घरात यंत्रं आधीपासून होती. शोकेसच्या खालच्या खणात इलेक्ट्रॉनिक तानपुरा, त्याच्या बाजूला तबल्याचा डबा. ताल निवडायचा, लय फिरवायची, आवर्तन चालू. ज्या घरात गाणं शिकलं जातं तिथे गोल फिरणारा यंत्राचा ठेका ही नवलाई नव्हतीच कधी. नव्या डब्यात एवढाच फरक की ठेका आपण भरायचा.

आणि इथे माझा खरा जीव अडकलाय.

या यंत्रांची मूळ मांडणी सोळा स्टेपची, स्टेप म्हणजे ठोका ठेवायची एक जागा. ८०८ पासून तीच चालत आली आहे. सोळा म्हटलं की आपल्याला सोळा मात्रांचा त्रिताल आठवणार, पण ते सोळा वेगळे. त्यांच्या चार स्टेप म्हणजे एक ठोका, म्हणजे सोळांत चारच ठोके. त्रितालाच्या एका मात्रेला मी दोन स्टेप देते, म्हणजे पूर्ण आवर्तनाला ३२ लागतात. एका पॅटर्नमध्ये मावतात तेवढ्याच. टेंपो ६० ठेवला की मिनिटाला १२० मात्रा, छान मध्यलय. पहिल्या ड्रमवर डग्ग्यासारखा खोल आवाज, दुसऱ्यावर चाटेचा, म्हणजे तबल्याच्या काठाचा, टणक. आता धा म्हणजे दोन्ही, ता म्हणजे फक्त दुसरा.

धा धिं धिं धा, धा धिं धिं धा, धा तिं तिं ता, ता धिं धिं धा.

डग्ग्याचे ठोके भरत गेलात की पहिल्या सोळा स्टेपांच्या पानावर एक सोडून एक पॅड पेटतो. दुसऱ्या पानावर पहिला पेटलेला, नंतरचे चार ठोके अंधारात, मग शेवटचे तीन पुन्हा पेटलेले. दहावी ते तेरावी मात्रा. खाली, म्हणजे आवर्तनातला डग्ग्याविना जाणारा भाग, डोळ्यांना दिसते. लहानपणी क्लासमध्ये मी खालीला हात उलटा करायची, कारण बाईंनी सांगितलं होतं. डग्गा निघून जातो म्हणजे काय होतं ते मला कळलं या पॅडांवर. चार मात्रा जमीन काढून घेतात, तुम्ही अधांतरी चालत राहता, चौदाव्या मात्रेला पायाखाली जमीन येते आणि तेव्हा सम, म्हणजे आवर्तनाची पहिली मात्रा, जवळ आल्याची खात्री पटते. क्लबमधला डीजे दुसरं काय करतो? किक काढून घेतो, लोकांना तरंगत ठेवतो, परत आणतो. त्यांच्याकडे ते दोन-चार मिनिटांनी एकदा होतं. आपल्याकडे दर आवर्तनाला. हे लक्षात आल्यापासून टेक्नो ऐकायचे माझे कानच बदलले. आता मी किक गेलेली जागा ऐकते.

खाली तशीच कोरी सोडायची की तिथे काही ठेवायचं, यावर माझ्या कित्येक रात्री गेल्या आहेत. प्रत्येक स्टेपला शक्यता ठरवून देता येते: हा ठोका दर वेळी, हा निम्म्या वेळी, हा क्वचित. तेराव्या मात्रेच्या नंतरच्या स्टेपवर मी एक अगदी हलका डग्गा ठेवलाय, क्वचित येणारा. जेव्हा येतो तेव्हा पुढच्या धिं ला ढकलून देतो. कधी येणार ते मला माहीत नसतं, म्हणून मी प्रत्येक आवर्तन ऐकते. मला नाही वाटत की यंत्र इथे "वाजवतंय". पण ऐकणारी मी जागी राहते, आणि रात्री साडेअकराला, हेडफोन लावून, दिवसाचं सगळं ओझं उतरलेलं असताना जागं राहण्यासारखं सुख नाही.

जुलै आला की ठाण्यात ढोल-ताशा पथकांचे सराव सुरू होतात. मैदानात, पुलाखाली, जागा मिळेल तिथे. आमच्या जवळच्या पथकाच्या पोरांना विचारून मी फोनवर थोडं रेकॉर्ड केलं: ढोलाचा हाताच्या थापीचा ठोका वेगळा, टिपरूचा, म्हणजे काठीचा, वेगळा, आणि ताशा. ब्राउझरमधून ते यंत्रात चढवता येतं, ६४ सॅम्पलांची, म्हणजे रेकॉर्ड केलेल्या आवाजांच्या तुकड्यांची, जागा आहे. ढोल लगेच बसला. टिपरूच्या ठोक्यातला तो चामड्याचा कडकपणा कुठल्याही तयार ड्रम किटमध्ये नसतो, आणि पथक ज्या पुलाखाली वाजवत होतं त्या पुलाचा घुमारा त्याला चिकटून आलाय. तो मी काढला नाही.

ताशाने मात्र दमवलं. एक स्टेप या यंत्रात सहा बारीक भागांत तोडता येते. मला वाटलं, सहाही भाग भरले की तर्री, म्हणजे ताशाचे सलग जलद ठोके, झाली. झाली ती शिलाई मशीनसारखी तडतड. ताशेवाल्याच्या दोन काड्यांपैकी एकही दुसरीइतक्या जोरात पडत नाही. तर्रीत आवाज चढत जातो, मनगट मधेच सैल पडतं आणि शेवटी एक सणसणीत काडी येते. माझ्या सहा भागांचा जोर मात्र एकसारखा. शेवटी पथकाच्या पोराने वाजवलेली तर्री अख्खी एका सॅम्पलमध्ये ठेवली आणि तिला एकच पॅड दिला. तिथे यंत्राने बाजूला व्हावं हेच बरं. त्या सहा भागांचा उपयोग दुसरीकडे झाला: भजनी ठेक्यात. तिथे दुसरा ठोका बरोबर मधोमध पडला तर भजन कवायतीसारखं वाटतं. तो एका भागाने मागे सरकवला की ठेका डुलायला लागतो. दोन भागांनी सरकवला तर लंगडतो. हा एक षष्ठांश स्टेपचा फरक आईला दुसऱ्या खोलीतून कळतो.

"याचं पुढे काय करणार?" असं भेटणारे विचारतात. गाणं कधी रिलीज करणार, कुठे टाकणार. घाणसोलीहून परतताना गाडीत माझ्यासोबत असणाऱ्या मैत्रिणींनाही हेच पडलेलं असतं, आणि त्या आपुलकीनेच विचारतात. मी खरं ते सांगते: काही नाही. आई रोज पेटी घेऊन बसते तेव्हा तिला कोणी विचारत नाही की अल्बम कधी. घरात गाणं असतं, तसं असतं. इलेक्ट्रॉनिक संगीताला मात्र सगळे आधी बाजार चिकटवतात, कारण ते आपल्यापर्यंत बाजारातूनच आलं. मिरवणुकीच्या स्पीकरच्या भिंतींतून, लग्नाच्या हॉलमधून. ते एका खोलीत, एका माणसासाठी, हळू आवाजात असू शकतं हे लोकांना ठाऊकच नसतं. लॅपटॉपवर हेच सगळं अधिक होतं, शंभर ट्रॅक घेता येतात, हे मी मान्य करते. मी ते करूनही पाहिलंय. तिथे माझं लक्ष दुरुस्त करण्याकडे जातं आणि इथे वाजवण्याकडे. दोन सिंथ ट्रॅकमध्ये एकावर तानपुऱ्यासारखं काही धरलं की दुसरा एकच उरतो, मग त्या एकाने काय बोलायचं ते नीट ठरवावं लागतं. माझ्या मते दोन पुरतात. दोन महिने पुरून उरतील एवढं तर मारव्याच्या नी रे ग मध्येच आहे.

कोणी घेऊ का म्हणून विचारलं तर मी एवढंच सांगते की आधी कुणाकडचं तरी आठवडाभर आणून वाजवा, आणि रोज तेच पॅटर्न पुन्हा लावा. तिसऱ्या दिवशी ते ऐकवेनासं झालं तर पैसे वाचले. तिसऱ्या दिवशी त्यात नवीन काही ऐकू आलं तर घ्या.

सध्या मी करतेय ते असं. प्रत्येक ट्रॅकची लांबी या यंत्रात स्वतंत्र ठेवता येते. ड्रमवर त्रिताल, ३२ स्टेप. सिंथवर लेहऱ्यासारखी, म्हणजे तबल्यासोबत पुन्हा पुन्हा वाजणारी, एक ओळ, मारव्याचीच, पण झपतालाच्या मापाची: दहा मात्रा, २० स्टेप. दोन्ही एकत्र सोडले की पहिली सम एक, आणि मग दोघं आपापल्या वाटेने जातात. ओळ कधी खालीत जाऊन पडते, कधी भरीच्या मधोमध. १६० स्टेपनंतर, त्रितालाची पाच आणि झपतालाची आठ आवर्तनं झाली की, समेवर भेटतात. माझ्या लयीत चाळीस सेकंद. पहिल्यांदा ऐकवलं तेव्हा आईने मांडीवर त्रिताल धरला, चौथ्या आवर्तनात हात सोडला आणि म्हणाली, "थांब, पुन्हा लाव." आता ती झपताल धरते आणि मी त्रिताल, आणि सम आली की दोघी एकदम "हां!" म्हणतो. पुढे सात मात्रांचा रूपक घालायचा तिचा आग्रह आहे. चौदा स्टेप, ३२ वर. २२४ स्टेपने भेट होते, म्हणजे छप्पन्न सेकंद, आणि रूपकाची सम तर खालीवरच असते, तिथे डग्गा ठेवायचा की नाही यावर आमचं अजून एकमत झालेलं नाही.